छत्रीताई आणि राहून गेलेली माफी

विमा कंपनीत तिला सगळे छत्रीताई म्हणायचे. तिचं कामच तसं होतं. हॉटेलवाले आधी एक साधी पॉलिसी घेतात. पाहुणा ओल्या फरशीवरून घसरला, कुणाच्या मांडीवर गरम सूप सांडलं, लिफ्टच्या दारात कुणाचं बोट चेमटलं, की त्या पॉलिसीतून भरपाई होते आणि विषय मिटतो. पण कधीतरी असं काही घडतं की ती साधी पॉलिसी दोन घासांत संपते. त्या दिवसासाठी मोठी हॉटेलं वरून आणखी एक, बरीच मोठ्या रकमेची पॉलिसी घेऊन ठेवतात. तिला धंद्यात छत्री म्हणतात. छप्पर अपुरं पडलं की उघडायची.

त्यामुळे छत्रीताईच्या टेबलावर लहानसहान काही येतच नसे. चेमटलेलं बोट खालच्या मजल्यावरच मिटायचं. तिच्यापर्यंत पोचायचं ते थेट कुणाचा तरी जीव गेलेलं, नाहीतर कुणी जन्माचं अंथरुणाला खिळलेलं. ती प्रवासाची बॅग घेऊन निघाली की फाटकावरचा पहारेकरी विचारायचा, "ताई, आज कुठं पाऊस पडला?" सुरुवातीला ती हसायची. पुढे नुसती मान हलवायची. अलीकडे तिच्यानं तेवढंही होत नव्हतं.

पन्नाशी उलटली होती. गुडघे कुरकुरत होते, पण थकवा गुडघ्यांचा नव्हता. रात्रभर झोपून उठलं तरी अंगात तसाच बसून राहणारा, भिजलेल्या कांबळ्यासारखा जड थकवा होता तो. नवरा म्हणायचा, "अगं, डॉक्टरला दाखव एकदा." त्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे जगातली निम्मी दुखणी डोळ्यांतून सुरू होतात असं त्याचं मत होतं. तिचा नंबर त्यानं वर्षात तीनदा तपासला. नंबर जागचा हलला नव्हता.

अशा दिवसांत कठड्याचं प्रकरण आलं.

तळ्याकाठचं हॉटेल होतं. फार आलिशान नाही, पण नाव कमावलेलं. मालकानं तरुणपणी चार खोल्यांच्या खाणावळीपासून सुरुवात केली होती आणि एकेक मजला चढवत नेला होता. तिथं शाळाशिक्षकांचं संमेलन भरलं होतं. दुपारच्या सुट्टीत खेळाचे एक सर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत फोटोसाठी कठड्याला टेकून उभे राहिले. फोटो काढणारा म्हणाला, "जरा हसा की." सर हसले आणि कठडा बुडातून सुटला. वरून रंग चकचकीत होता, पण फरशीत रोवलेले लोखंडी पाय आतून गंजून पार भुसा झाले होते. सर खाली फरसबंद अंगणात पडले. जीव वाचला. पण छातीच्या खालचं शरीर त्यांचं राहिलं नाही. ज्या माणसानं उभी शाळा पळवली, त्याला आता कूस बदलायलाही दुसऱ्याचे हात लागणार होते.

साधी पॉलिसी ज्या कंपनीची होती, तिनं आपली सगळी रक्कम भरली आणि हात वर केले. ऑपरेशनं आणि इस्पितळातल्या लांबलचक मुक्कामातच ती आटली. पुढे सगळा जन्म उरला होता. छत्री उघडावी लागली.

छत्रीताई पहिल्यांदा हॉटेलात गेली तेव्हा गॅलरीत कठड्याच्या जागी आडवी फळी ठोकलेली होती. मालक साठीच्या पुढचा, अंगानं भरलेला, पण कुणीतरी आतली हवा काढून घेतल्यासारखा दिसत होता. तो निघण्याच्या तयारीतच होता. हातात फळांची पिशवी होती.

"बरं झालं बाई, तुम्ही आलात. तुमचं काय ते माझी पुतणी दाखवेल. मी जरा इस्पितळात जाऊन येतो."

"कुणाला भेटायला?"

"कुणाला म्हणजे? सरांना. त्यांच्या आईला. चार वेळा निघालो आणि फाटकातून परत आलो. आज जातोच."

छत्रीताईनं त्याला खुर्चीवर बसवलं. हे तिनं कितीतरी मालकांना सांगितलं होतं, इतक्या वेळा की आता शब्द आपोआप यायचे, लिफ्टमधल्या बाईच्या आवाजासारखे. "काका, तुम्हाला जाता येणार नाही. भेटायचं नाही, फोन करायचा नाही, चिठ्ठी पाठवायची नाही. चूक आमची होती असं कुणाजवळ म्हणायचं नाही. काही देण्याचं कबूल करायचं नाही. माफी मागायची नाही."

"माफी मागायची नाही?"

"माफी म्हणजे कबुली धरतात. पॉलिसीत तशी अट आहे. कंपनीला न विचारता तुम्ही चूक मान्य केलीत, तर कंपनी छत्री मिटवू शकते. मग सगळं तुमच्या अंगावर येईल. हॉटेल जाईल, आणि सरांच्या हातातही फार काही पडणार नाही."

शेवटचं वाक्य ती नेहमी जोडायची. ते खरं होतं, आणि लागूही पडायचं. मालकानं फळांची पिशवी टेबलावर ठेवली. 

"बाई, माणूस माझ्या दारी पाहुणा म्हणून आला होता," तो म्हणाला. "शेजारी कुणाची मांजर मेली तरी आपण चौकशी करतो."

"मला कळतं काका."

"कळतं ना? मग ठीक आहे." असं म्हणून तो उठला आणि आत निघून गेला. पिशवी तशीच राहिली.

त्यानं शब्द पाळला. एका अर्थानं तेच वाईट झालं.

हे काम नुसतं टेबलावर राहत नाही, जिभेवर चढतं. एकदा घरी तिच्या हातून लेकीचा पांढरा कुडता निळ्या कपड्यांबरोबर धुतला गेला. लेक कॉलेजात जाणारी, तोंडानं तिखट. ती कुडता हातात घेऊन उभी राहिली आणि छत्रीताई म्हणून गेली, "झालं ते वाईट झालं. मशीनमध्ये नेमकं कसं गेलं ते बघावं लागेल."

"आई! बघावं काय लागेल? तू टाकलास!"

"मी टाकला असेलही."

लेकीनं बापाकडे पाहिलं. "बाबा, ऐकलंत? 'असेलही' म्हणे. वकील लावू का मी?"

नवरा पोट धरून हसला. छत्रीताईही हसली, पण नंतर स्वयंपाकघरात भांडी लावताना तिला वाटलं, मी खरंच शेवटचं "चुकलं माझं" कधी म्हटलं? आठवेना. मग भांडी संपली आणि विचारही मागे पडला.

प्रकरण दोन वर्षं चाललं. अशी प्रकरणं चालतातच. कंपनीचा वकील हुशार होता आणि त्याचं काम चोख करत होता. त्यानं मुद्दा काढला की सर कठड्याला नुसते टेकले होते की बसले होते? बसले असतील तर निष्काळजीपणा त्यांचाही. फोटो काढणाऱ्याला बोलावून विचारून झालं. तो बिचारा प्रत्येक वेळी रडायचा. "मीच म्हणालो जरा हसा," एवढंच सांगायचा. इंजिनिअरनं गंजाबद्दल केव्हाच स्वच्छ लिहून दिलं होतं. तरी तारखांवर तारखा पडत होत्या. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथं झोपाही कुणी करत नव्हतं, फक्त झोप्याची चर्चा चालू होती.

मालकाचा अधूनमधून फोन यायचा. कामाचं काही नसायचं. "बाई, कसे आहेत ते?"

"तब्येतीबद्दल मला सांगता येणार नाही, काका."

"बरं, जिवंत आहेत ना?"

"आहेत."

"मी आता सकाळी उठून सगळे कठडे हलवून बघतो. प्रत्येक मजल्यावरचे. पुतणी म्हणते, नवे बसवलेत तरी कशाला हलवता? काय सांगू तिला. झोप लागत नाही, मग उठतो आणि हलवतो."

ती "हं" म्हणायची. सहानुभूती दाखवायलाही मर्यादा होती. फोन ठेवून ती पुढची फाइल ओढायची.

सरांच्या घरी ती एकदा गेली, कंपनीनं नेमलेल्या डॉक्टरबरोबर. तळमजल्यावरचं भाड्याचं घर होतं. चाकाची खुर्ची आत यावी म्हणून दाराची चौकट तोडून रुंद केली होती आणि तोडलेल्या कडेवर अजून गिलावा झाला नव्हता. पुढच्या खोलीत पलंग. सर पलंगावर. खांदे अजून खेळाडूचे होते, बाकीचं चादरीखाली होतं. डॉक्टर सुईनं टोचून विचारत होते, इथं लागतं? इथं? सर प्रत्येक वेळी शांतपणे "नाही" म्हणत होते, वर्गात हजेरी दिल्यासारखे.

बायकोनं सगळं दाखवलं. दर थोड्या वेळानं कूस कशी बदलायची, उशी कुठं घालायची, टाचा कशा जपायच्या. ती भराभर बोलत होती. बोलणं थांबलं तर आपण कोसळू, असं तिला वाटत असावं. सरांची आई मात्र खिडकीजवळ स्टुलावर बसून होती. जन्मभर शिवणकाम केलेली बाई. मान थोडी पुढे झुकलेली, नजर सुईच्या टोकासारखी. डॉक्टर हात धुवायला गेले तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"तो कसा आहे हो?"

"कोण, मावशी?"

"तुमचा हॉटेलवाला. जेवतो ना नीट? झोप लागते ना?"

बोलण्यात काटा होता. आणि छत्रीताईला तर माहीत होतं की त्याला झोप लागत नाही. हे दोन शब्द सांगितले असते तर त्या खोलीतलं काहीतरी हललं असतं. तिनं तोंड उघडलंही. बाहेर आलं ते असं: "त्यांच्याबद्दल मला काही बोलता येणार नाही."

म्हातारी हसली. "कळलं. तुमच्याकडं सगळ्यांचीच जीभ गहाण पडलीय."

परतीच्या वाटेवर गाडीत डॉक्टर हवापाण्याचं बोलत होते. छत्रीताई खिडकीबाहेर बघत होती. तिला राग आला नाही, लाजही वाटली नाही. नुसतं वाटलं की गाडी अशीच चालत राहावी आणि कुठं पोचूच नये.

शेवटी दोन्ही बाजूंनी समेटाला होकार दिला. एक निवृत्त न्यायाधीश मध्यस्थ म्हणून बसले. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, भिंतीवर घरघरणारा एसी. एका बाजूला छत्रीताई आणि कंपनीचा वकील, दुसऱ्या बाजूला सरांची बायको, आई आणि त्यांचा वकील. सर आले नव्हते. इतका वेळ बसणं त्यांना झेपत नव्हतं. त्यांनी कळवलं होतं, आई म्हणेल तसं.

दुपारपर्यंत रकमेवर एकमत झालं. चांगली रक्कम होती. सरांच्या वकिलाचाही चेहरा सैल झाला. सगळ्यांनी कागद पुढे ओढले. म्हातारीनं मात्र पेन उचललं नाही.

"आई," सून हळूच म्हणाली, "झालंय सगळं. सही करा."

"तो कुठाय?"

"कोण?" मध्यस्थांनी विचारलं.

"ज्याच्या घरात माझा मुलगा पडला, तो. दोन वर्षं झाली. एकदा तोंड दाखवलं नाही. मेलेल्याच्याही दारात लोक येऊन जातात. माझा तर जिवंत आहे. तो पहिल्या आठवड्यात आला असता ना साहेब, दारात उभं राहून चुकलं म्हणाला असता, तर मी ही कोर्टाची पायरी चढले नसते. द्याल ते घेतलं असतं. पण आम्ही कुत्रं पडल्यासारखे पडलो आणि तो खिडकीसुद्धा उघडेना."

कंपनीचा वकील घसा साफ करून म्हणाला, "करारात आपण एक वाक्य घालू शकतो. घडलेल्या घटनेबद्दल खेद, अर्थात कोणतीही जबाबदारी मान्य न करता..."

"तुमचं वाक्य तुमच्याकडं ठेवा," म्हातारी म्हणाली. "त्याला आणा. मग सही."

मध्यस्थांनी घटकाभर विश्रांती जाहीर केली. छत्रीताई बाहेरच्या व्हरांड्यात आली आणि तिनं विभागप्रमुखांना फोन लावला. ते तिच्याहून वयानं बरेच लहान होते आणि माणूस वाईट नव्हते.

"मॅडम, सही झाल्यावर भेटू दे ना. तेव्हा काहीच अडचण नाही."

"सर, सही झाल्यावरची माफी म्हणजे पैसे चुकते झाल्यावरची पावती. त्या बाईला ती नकोय."

"आणि तो काहीतरी बोलून बसला तर?"

"काय बोलणार? कठडा त्याचा होता, गंजलेला होता. इंजिनिअरनं लिहून दिलंय, फोटो आहेत, त्या जिल्ह्यातल्या पोराटोरांना माहीत आहे. आपण झाकतोय काय सर?"

"नियम आहे मॅडम."

"नियम मला सांगू नका. मालकांना तो कळवायचं पत्र मीच लिहिते."

"हे फोनवर बोलणं झालंच नाही असं समजा," ते म्हणाले. "काही उलटसुलट झालं तर ते तुमच्यावर."

"बरं," ती म्हणाली. तिला वाटलं होतं की असं काही करताना छाती धडधडेल. तसं काही झालं नाही. व्हरांड्यात एक बाक होता, त्यावर ती जराशी बसली आणि मग उठली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः तळ्याकाठी गेली. मालक दोन वर्षांत निम्मा झाला होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल फिरत होती.

"चला काका," ती म्हणाली. "सरांकडं जायचंय."

त्याला आधी पटेना. मग त्याची धांदल उडाली. हा शर्ट, तो शर्ट. "काय घेऊ बरोबर? रिकाम्या हातानं कसं जायचं?"

"रिकाम्याच हातानं जायचं."

गाडीत तो सारखं काहीतरी पुटपुटत होता. दोन वर्षं मनात घोळवलेलं भाषण होतं, तिच्या लक्षात आलं. तिनं ऐकण्याचा प्रयत्न केला नाही.

दार म्हातारीनं उघडलं. त्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि बाजूला झाली. "या" म्हणाली नाही. आत सर पलंगावर उशांना टेकून बसवलेले होते. बायको पायाशी उभी होती. मालक पलंगापासून हातभर अंतरावर थांबला, हात पुढे बांधून, मुख्याध्यापकांसमोर उभ्या केलेल्या विद्यार्थ्यासारखा.

"सर," तो म्हणाला. पुढचं भाषण कुठं गेलं कोण जाणे. मग एकदम, कुठल्याही तयारीशिवाय, "माझं चुकलं. तुम्ही माझ्याकडं पाहुणे होतात. मी बघायला हवं होतं. आणि मी यायला हवं होतं. पहिल्याच दिवशी यायला हवं होतं."

"मग का नाही आलात?" म्हातारीनं मागून विचारलं.

मालकानं वळून तिच्याकडे पाहिलं. मग क्षणभर छत्रीताईकडे. एका वाक्यात तो मोकळा होऊ शकत होता. तो म्हणाला, "हिंमत झाली नाही."

छत्रीताईला आपला स्वतःचा आवाज ऐकू आला. "ते खोटं बोलतायत, मावशी. ते निघालेच होते, हातात फळं घेऊन. मी अडवलं."

"तुम्ही?"

"मी. पॉलिसीत तसं लिहिलंय. माफी मागायची नाही. मी त्यांना सांगितलं, गेलात तर सगळं बुडेल. ते थांबले. दोन वर्षं मला फोन करून तुमच्या मुलाची विचारपूस करत होते आणि मी त्यांना काही सांगत नव्हते. तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हालाही सांगितलं नाही. माझंही चुकलं."

म्हातारी सुईच्या टोकासारख्या नजरेनं तिच्याकडे बघत राहिली. मग कोरडंच हसली. "म्हणजे माझ्या पोराचा कणा मोडायला कुणाची परवानगी लागली नाही. चुकलं म्हणायला मात्र लागते."

आता सर म्हणाले, "काका, नवे कठडे कसले बसवलेत?"

"भरीव लोखंडाचे," मालक घाईघाईनं म्हणाला. "भिंतीत हातभर रोवलेत. मी रोज सकाळी हलवून बघतो."

"सगळे?"

"सगळे."

सरांच्या चेहऱ्यावर हसू आलं, वेडंवाकडं, पण आलं. "म्हणजे माझ्यामुळं तुमचा व्यायाम सुरू झाला." सगळ्या शाळेला पळवणाऱ्या माणसाची जुनी खोड असावी ती. बायकोनं दुसरीकडे तोंड फिरवलं.

कूस बदलायची वेळ झाली होती. ती पुढे झाली तशी मालकानं विचारलं, "मी धरू का?" ती नको म्हणत होती, पण सर म्हणाले, "धरू दे गं." त्यानं पाय धरले. चुकीचे धरले. "असे नाहीत," ती म्हणाली, "टाच तळव्यात घ्या, घासायला नको." त्यानं टाच तळव्यात घेतली, जपून, तापलेलं भांडं धरावं तशी. दोघांनी मिळून सरांना कुशीवर वळवलं. मालकाला धाप लागली. पाय खाली ठेवल्यावरही त्याचे हात थोडा वेळ तसेच, वाटीसारखे राहिले.

निघताना म्हातारी दारापर्यंत आली. "हे बघा," ती मालकाला म्हणाली, "माफबिफ मी काही केलेलं नाही. तेवढं मोठं मन नाही माझं. पण तुमचं तोंड बघितलं. आता सही करते." छत्रीताईला ती काही म्हणाली नाही. फक्त तिच्या मागोमाग बाहेरचा दिवा लावला, कारण पुढची वाट अंधारी होती.

सह्या झाल्या. रक्कम दिली गेली. उलटसुलट काही झालं नाही. तरी वर्षाअखेरीच्या शेऱ्यात विभागप्रमुखांनी "नियमपालनात सुधारणेस वाव" असं लिहिलंच. कागदावर काहीतरी लिहावं लागतं, आणि ते खोटंही नव्हतं.

या गोष्टीचा शेवट गोड झाला असं सांगायला आवडलं असतं. मालक पुढे वरचेवर सरांकडे जायला लागला, इतका की सुनेनं वैतागून छत्रीताईला फोन केला. "ताई, त्यांना सांगा ना. दर रविवारी येतात, कोपऱ्यात बसून राहतात. मला चहा करावा लागतो, घर आवरावं लागतं. आणि ते रडतात. आमच्याकडं आमचं रडणं पुरेसं आहे." छत्रीताईनं त्याला सांगितलं. त्याला लागलं. काही महिने तो गेलाच नाही. मग सरांनीच निरोप पाठवला तेव्हा गेला आणि हळूहळू जाण्यायेण्याचं बरं माप सापडलं. हॉटेल त्यानं पुतणीच्या नावावर केलं. सरांना शाळेनं परत घेतलं, वेळापत्रकं आखायच्या कामावर. ते त्यांना मुळीच आवडत नाही. कधीकधी चार-चार दिवस ते घरात कुणाशी बोलत नाहीत. म्हातारी त्या दिवसांत शिवणयंत्र मुद्दाम त्यांच्या खोलीत आणून चालवते, घरात काहीतरी आवाज असावा म्हणून.

छत्रीताईनं बदली मागितली. सागरी माल विभागात. अर्ज हातात घेऊन विभागप्रमुखांनी विचारलं, "मॅडम, तिकडं काय आहे? बुडालेली जहाजं, भिजलेली पोती."

"तेच हवंय सर. पोत्याला आई नसते."

ते हसले. ती हसली नाही, कारण तिनं विनोद केला नव्हता.

नव्या टेबलावर पहिली फाइल आली ती कागदाच्या गुंडाळ्यांची. जहाजाच्या तळात खारं पाणी शिरून सगळा माल लगदा झाला होता. तिनं ती शेवटपर्यंत वाचली. कुणीही मेलेलं नव्हतं. संध्याकाळी ती उजेडातच घरी पोचली, चप्पल काढली आणि जरा पाठ टेकावी म्हणून कोचावर आडवी झाली. नवरा दुकानातून आला, लेक कॉलेजातून आली. लेकीनं हाक मारायला तोंड उघडलं तर बापानं ओठांवर बोट ठेवलं. दोघांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि कुजबुजत कांदा कुणी चिरायचा यावर वाद घालायला लागले.